पाणी कुठे भरायचं आणि पाय कशावर ठेवायचे: वेकसर्फिंगवरचे तुमचे प्रश्न

मागच्या वेळी या सदरात वेकसर्फिंगचा नुसता उल्लेख केला होता आणि तेवढ्यावर इतके प्रश्न आले की यावेळी दुसरं काही घेतच नाहीये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एका वाक्यात सांगते, बोटीच्या मागे दोरी धरून फक्त उभं राहायचं, मग दोरी सोडून द्यायची आणि बोटीने केलेल्या लाटेवरच सर्फ करत राहायचं, ओढणारं कोणी नाही, लाटच ढकलते. म्हणजे लाट नीट नसेल तर सगळं मुसळ केरात. आणि लाट नीट यायला बोट जड लागते, ते वजन म्हणजे बॅलास्ट. बहुतेक पत्रं त्याच्यावरच आहेत.

प्रश्न: ताई, आमची जुनी २१ फुटी व्ही-ड्राइव्ह इनबोर्ड (इंजिन आत मागे, पंखा बोटीखाली) बोट आहे, सर्फ सिस्टिम वगैरे काही नाही. पाण्याच्या तीन बॅगा घेतल्या, प्रत्येकी साधारण ३४० किलोच्या, तिन्ही मागे टाकून फुल्ल भरल्या. लाट उंच येते पण लगेच संपते आणि वर नुसता फेस. अजून एक बॅग घेऊ का?

नको. आधी आहे ती एक पुढे न्या, मग बोलू.

त्याच्याही आधी एक काम करा, बोटीवर क्षमतेची पट्टी लावलेली असते ती वाचा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, तुमच्या तीन बॅगा म्हणजे हजार किलोच्या वर, म्हणजे तेरा-चौदा मोठी माणसं तुम्ही मागच्या सीटवर एकमेकांच्या मांडीवर बसवलीत, आणि त्यानंतर खरी माणसं बसली, आणि टाकीतलं इंधन वेगळंच. लोकांना वाटतं पट्टीवरचा आकडा फक्त माणसांचा, पाण्याचं वजन धरायचं नसतं. बोटीला विचारा, तिला किलो म्हणजे किलो. आकडा ओलांडत असाल तर बॅगा अर्ध्या भरा, त्यात काही कमीपणा नाही.

आता फेस का येतो ते बघू. बोट पुढे जाते तेव्हा पाणी दोन्ही बाजूंना ढकललं जातं आणि मागे खड्डा पडतो, तो भरायला दोन्हीकडून पाणी आत धावतं आणि मध्ये एकमेकांवर आपटतं. तिथेच फेस. दोन्ही बाजू सारख्या असतील तर बोटीच्या अगदी मागेच टक्कर होते आणि दोन्हीकडच्या लाटा खराब होतात. आपल्याला एकाच बाजूची लाट हवी असते, तेव्हा त्या बाजूचं पाणी जरा उशिरा आपटावं अशी सोय करायची. सगळ्या सर्फ सिस्टिम, टॅब, गेट, झाकणं, जे काय विकतात त्या सगळ्यांचं काम एवढंच असतं, टक्कर पुढे ढकलणं.

जुन्या बोटीत हे करायचा जुना मार्ग म्हणजे बोट एका बाजूला कलवणं. ज्या बाजूला सर्फ करणार त्या बाजूचा मागचा कोपरा जड करायचा. तुमच्याकडे तीन बॅगा आहेत तर माझी सुरुवात अशी असती: एक बॅग सर्फच्या बाजूला मागच्या कोपऱ्यात पूर्ण, दुसरी त्याच बाजूला मधल्या सीटजवळ अर्धी आणि तिसरी पुढे बोमध्ये, म्हणजे बोटीच्या नाकात, तीही अर्धीच. दुसऱ्या बाजूला काही नाही. माणसं सर्फच्या बाजूला बसवा. मग उभ्या बोटीत बाहेर वाकून बघा, त्या बाजूची रबरी कड पाण्याच्या जवळ आली पाहिजे पण पाण्यात बुडता कामा नये, बुडली तर तुम्ही अति केलंय, बॅगेतलं थोडं काढा.

पुढे वजन टाकायचं म्हटलं की लोक दचकतात, म्हणतात लाट छोटी होईल. होते थोडी, पण लांब होते, आणि तुमचं दुखणं उंचीचं नाहीच, लांबीचं आहे. मागे वजन म्हणजे उंच, खडी आणि आखूड लाट, पुढे वजन म्हणजे जरा बुटकी पण लांब, जिच्यावर माणसाला श्वास घ्यायला जागा मिळते. नवशिक्याला दुसरीच हवी.

आणि वेग! तुम्ही पत्रात वेग लिहिलाच नाही, कोणीच लिहीत नाही, आलेल्या एवढ्या पत्रांत फक्त एकाने लिहिलाय. वेकसर्फिंग साधारण ताशी १६ ते १९ किलोमीटरला चालतं, बहुतेक बोटींच्या पडद्यावर मैल असतात तर ते १० ते ११.५ च्या आसपास. इथे अर्धा मैल म्हणजे चिल्लर नाही. खोल पाण्यात बोटीमागच्या आडव्या लाटेची लांबी वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढते, ताशी १६ ला ती जवळपास साडेबारा मीटर आणि १८ ला १६ मीटर. फक्त दोन किलोमीटरने साडेतीन मीटर! तुम्ही सर्फ करता ती तिरकी लाट अगदी हीच नसते पण नियम तोच लागू, हळू गेलात की लाट आखूड, खडी आणि फेसाळ, जरा वेग दिलात की लांब आणि साफ. फेस दिसला की आधी वेग पाव-अर्धा मैल वाढवून बघा, त्याला एक पैसा लागत नाही.

खोलीचंही तसंच. लाटेच्या अर्ध्या लांबीपेक्षा पाणी उथळ असेल तर लाटेला तळ लागायला लागतो, म्हणजे आठ मीटर असेल तर उत्तम, तीन मीटरच्या आत तर मी बॅगा भरायचेसुद्धा कष्ट घेणार नाही. कित्येकदा "काल मस्त होती, आज बिघडली" याचं कारण एवढंच असतं की आज तुम्ही उथळ बाजूला फिरताय.

एका वेळी एकच गोष्ट बदला. वेग, बॅग, माणसं असं सगळं एकदम हलवलं की काय सुधारलं आणि कशाने सुधारलं काही कळत नाही. मी वही ठेवते, ओली होऊन फुगलेली आहे, घरचे हसतात, पण नवीन माणसं बोटीत आली की पाच मिनिटांत लाट लागते ती त्या वहीमुळे.

चिकटवायचा वेक शेपर मिळतो, म्हणजे तीच टक्कर पुढे ढकलणारी फळी, व्हॅक्यूम कपाने बोटीच्या अंगाला (हल म्हणतात त्याला) चिकटणारी, तो घ्यायचा विचार असेल तर घ्या, चांगली वस्तू आहे. पण तो लावायचा सर्फच्या विरुद्ध बाजूला, मागच्या टोकाजवळ, पाण्याखाली. डावीकडे सर्फ तर शेपर उजवीकडे. अर्धे लोक उलटा लावतात आणि मग "काही फरक पडत नाही" म्हणून पत्र लिहितात. शेपर लावल्यावर बोट कलवायची गरज उरत नाही, वजन दोन्ही बाजूंना जवळपास सारखं ठेवा, सर्फच्या बाजूला किंचित जास्त. स्टिअरिंग एका बाजूला ओढल्यासारखं लागेल, ते तसंच असतं, घाबरू नका.

पुढचं वजन टाकताना मात्र एक लक्षात ठेवा, हे मी स्वतःच्या अंगावर काढलंय. बो जड होती, मागे कोणीतरी पडलं, मी घाईघाईत थ्रॉटल एकदम शून्यावर आणला आणि लगेच वळवली, तर आमचीच लाट मागून फिरून समोरून आली आणि नाकावरून सरळ आत. दोन फोन गेले, एक मूल रडायला लागलं, आणि बिल्ज पंप, म्हणजे बोटीच्या तळात साठलेलं पाणी बाहेर टाकणारा, नेमका त्या दिवशी अडकलेला. तेव्हापासून निघायच्या आधी बिल्ज पंप चालू करून बघते आणि पडलेल्या माणसाकडे वळताना आधी वेग हळूहळू उतरवते, मग सावकाश वळते. सावकाश वळण्याचा दुसरा फायदा असा की पाणी खवळत नाही आणि पुढच्या फेरीला लाट साफ मिळते.

प्रश्न: पाण्याच्या बॅगांपेक्षा शिसं टाकलं तर? जागा वाचेल, भरत बसायला नको.

जागा खरंच वाचते, शिसं पाण्याच्या अकरा पटीहून जड, त्यामुळे जिथे बॅग मावत नाही अशा सांदीत छोट्या पिशव्या सरकवता येतात. थोडं, म्हणजे कायम एक कोपरा हलका राहतो म्हणून पन्नासेक किलो, ठीक आहे. पण सगळं बॅलास्ट शिशाचं करू नका. पाण्याची बॅग रिकामी करता येते, शिसं ट्रेलरवर पण तुमच्याबरोबर, परतीच्या वाटेवर पण, आणि मुख्य म्हणजे बोटीत पाणी शिरलं तर बॅगेतलं पाणी पाण्यात जवळजवळ बिनवजनाचं होतं, शिसं तिला खाली ओढतं. हा एकच मुद्दा मला पुरेसा आहे.

भरायला वेळ लागतो हे खरं. तासाला ३००० लिटरचा पंप ३४० लिटरच्या बॅगेला कागदावर सात मिनिटं घेतो, प्रत्यक्षात पाईप लांब, वर चढवायचं, त्यामुळे जास्त. बॅगेत हवा अडकली तर पंप नुसता गुरगुरतो, हवा बाहेर काढा. इंपेलरचा, म्हणजे आत रबरी पाती फिरणारा, पंप असेल तर कोरडा चालवू नका, आतलं रबर जळतं. आणि बोट ट्रेलरवर घ्यायच्या आधी बॅगा रिकाम्या, याला अपवाद नाही.

प्रश्न: मी ८४ किलो, बायको ५५. दोघांनाही नवीन. एकच बोर्ड घ्यायचाय. दुकानदार म्हणतो स्किम घ्या, पोरं सगळी तेच घेतात. फिन (बोर्डखालचे पंख) किती हव्यात तेही कळत नाही.

पोरं घेतात कारण पोरांना गोल फिरायचंय. तुम्हाला अजून दोरी सोडायचीय.

दोन जाती असतात. सर्फ स्टाईल बोर्ड जाड, तरंगणारा, टोकदार नाक आणि खाली दोन-तीन-चार मोठ्या फिन, लाटेवर धरून राहतो, वेग धरतो, मागे पडलात तर पंप करून, म्हणजे पायांनी बोर्ड वर-खाली दाबत, परत पुढे येता येतं. स्किम स्टाईल पातळ, खाली एखादी छोटी फिन, पायाखाली सुटा, एका बोटाने फिरेल इतका, ३६० (पूर्ण गोल फिरणं) आणि शव्हिट (पायाखाली नुसता बोर्ड फिरवणं) त्याच्यावर सोपे, पण लाटेने जरा हात काढला की तो तुम्हाला पुढे नेत नाही. तुमचं वजन ८४, दोघंही नवीन, डोळे झाकून सर्फ स्टाईल घ्या.

माप हा दुसरा घोळ. लोक उंचीवरून बोर्ड घेतात, बघायचं असतं वजन. ढोबळ सांगायचं तर सर्फ स्टाईलमध्ये पंचावन्न-साठ किलोला साडेचार फुटांच्या आत-बाहेर, सत्तर-ऐंशीला पावणेपाच ते पाच, नव्वदच्या पुढे पाच आणि त्यावर. कंपनीगणिक फरक पडतो, कारण लांबी तीच ठेवून एक जण जाडी आणि रुंदी वाढवतो, दुसरा नाही, म्हणून लांबीच्या जोडीने कंपनीने दिलेली वजनाची पट्टी आणि लिटरमधलं आकारमान बघा. दोन मापांत अडलात तर नवशिक्याने मोठं घ्यावं. एकच बोर्ड आणि दोन माणसं असतील तर तो जड माणसाच्या मापाचा घ्यायचा. तुमच्या बायकोला पाच फुटी बोर्ड वळवायला जरा आळशी वाटेल पण ती त्याच्यावर उभी राहील, दोरी सोडेल, तुमच्या आधी सोडेल असं मला वाटतंय. उलट तिच्या मापाच्या बोर्डवर तुम्ही फक्त बुडाल.

फिनांचं म्हणाल तर तीन फिनवाला घ्या, किंवा चार-पाच खाचा असलेला, म्हणजे हव्या तशा काढता-घालता येतील. मधली मोठी फिन बोर्डला सरळ ठेवते, सुरुवातीला ती हवी. पुढे कधी वाटलं की बोर्ड फारच आज्ञाधारक झालाय तर मधली काढून बाजूच्या दोनच ठेवा, एकदम मोकळा होईल. शेपटी रुंद, चौकोनी असली की पृष्ठभाग जास्त, तरंगायला आणि वेगाला बरी, अरुंद टोकदार शेपटी लाटेत घट्ट रुतते. नाक ते शेपटी जी वाकण असते तो रॉकर, जास्त वाकण म्हणजे चटकन वळणारा पण हळू. नव्याला कमी रॉकर.

बनावट कोणती ते मात्र तुमच्या स्वभावावर. साच्यात दाबून केलेले बोर्ड जड पण दणकट, बोटीच्या मागच्या प्लॅटफॉर्मवर आपटले तरी काही होत नाही. आतून फोम, वरून इपॉक्सी-फायबर असे हलके आणि जिवंत लागतात, पण टवका उडतो, त्यातून पाणी आत जातं आणि बोर्ड हळूहळू जड होत जातो. उन्हात तापलेल्या बोटीत तास-तास पडून राहिले तर थर सुटतात. घरात लहान मुलं बोर्ड ओढत नेणारी असतील तर पहिला प्रकार घ्या, पुढचं तुम्हीच ठरवा.

प्रश्न: आमच्याकडे आउटबोर्ड इंजिनची बोट आहे. अगदी हळू चालवली तर होईल का?

नाही. हळू, जोरात, कशीही, नाही. वेकसर्फिंगमध्ये माणूस बोटीच्या मागे अगदी दोन-तीन मीटरवर असतो आणि दोरी नसल्यामुळे लाटेवर पुढे बोटीकडेच सरकतो. आउटबोर्ड आणि साध्या स्टर्नड्राइव्हचा पंखा मागच्या कडेच्याही मागे, म्हणजे जिथे तो पडणार तिथेच फिरत असतो. इनबोर्डमध्ये तो बोटीच्या पोटाखाली, बराच पुढे असतो, फॉरवर्ड ड्राइव्हमध्येही पंखा पुढे तोंड करून हलखाली. या दोनच प्रकारांच्या मागे सर्फ करा. ज्यांनी "आम्ही तर करतो, काही होत नाही" असं लिहिलंय त्यांची पत्रं मी छापत नाहीये.

इनबोर्डवाल्यांनाही सांगून ठेवते, मागच्या प्लॅटफॉर्मवर पाय सोडून बसायचं किंवा त्याला धरून लोंबकळायचं नाही, इंजिन चालू असताना तिथे कार्बन मोनॉक्साईड साठतो, त्याला रंग नाही, वास नाही, कळतच नाही.

प्रश्न: उभी राहते, लाटेवर येते, पण दोरी सोडली की मागे मागे जात पडते. बोर्ड बदलू?

बोर्ड शेवटी. तुझं वजन तू ५९ लिहिलंयस आणि बोर्ड ४ फूट ९ इंची, तो पुरेसा आहे. नव्वद टक्के वेळा असे लोक मागच्या पायावर बसलेले असतात, हे माझं बोटीतून बघून बघून झालेलं मत आहे, मोजलेलं नाही. पुढचा पाय म्हणजे गॅस, मागचा म्हणजे ब्रेक. दोरी सोडताना भीतीने माणूस मागे रेलतो आणि ब्रेकवर उभा राहतो. दोन्ही पाय दोन-तीन इंच पुढे सरकव आणि पुढचा गुडघा वाकव, बोर्डचं नाक पाण्यात जातंय असं वाटेपर्यंत दाब.

दोरीला ढील आल्याशिवाय सोडू नकोस. सहा-सात मीटरची दोरी पुरते. ढील आली, परत ताठ झाली, परत ढील आली, म्हणजे लाट तुला ढकलतेय पण तू जागा टिकवत नाहीयेस. ढील येऊन तशीच राहिली की मग सोड, आणि सोडताना लाटेच्या विरुद्ध बाजूला टाक, नाहीतर बोटीतल्या माणसाकडे फेक. हाताला, मनगटाला गुंडाळून कधीच धरायची नाही, बोटं जातात.

आणि तू डावा पाय पुढे ठेवतेस की उजवा ते लिहिलं नाहीस. डावा पुढे असेल तर डावीकडची, म्हणजे पोर्टची लाट, उजवा पुढे असेल तर उजवीकडची, म्हणजे स्टारबोर्डची, तेव्हाच लाट तुझ्या तोंडासमोर येते. तुझा नवरा बोट चालवतो आणि स्वतःच्या सोयीची बाजू भरून ठेवतो असं तर नाही ना? विचारून बघ. शिकायला पाठ करून सर्फ करणं म्हणजे उगाच दुप्पट त्रास.

प्रश्न: लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) बांधावी का?

नको. बोट समोर असते, बोर्ड हरवून जाणार कुठे, आणि पडल्यावर फिनवाला बोर्ड पायाला बांधलेला परत अंगावर येतो. लाईफ जॅकेट मात्र घालायचंच.

प्रश्न: काठावरचे लोक आमच्यावर ओरडतात. पाणी काय कोणाच्या बापाचं आहे का?

नाही, पण काठावरचा धक्का (जेटी) त्यांचा आहे, बांधलेली होडी त्यांची आहे आणि काठाची माती तुमच्या लाटेने ढासळतेय. आपण मुद्दाम हजार किलो भरून लाट मोठी करतो, मग ती काठाला लागल्यावर "मी काय केलं" कसं म्हणणार? या खेळाच्या व्यवसायातले लोकच काठापासून निदान २०० फूट, म्हणजे ६० मीटर दूर राहा म्हणतात. मिनेसोटा विद्यापीठाच्या प्रयोगशाळेने २०२२ मध्ये प्रत्यक्ष लाटा मोजून अहवाल दिला, त्यात सर्फ बोटीची लाट साध्या बोटीच्या २०० फुटांवरच्या लाटेइतकी उतरायला ५०० फुटांहून जास्त अंतर लागतं असं आलं. मी ५०० वालं धरते, म्हणजे दीडशे मीटर. तुमच्या पाण्यावरचा नियम याहून कडक असेल तर तो पाळा. एकाच पट्ट्यात पंधरा फेऱ्या मारू नका, जागा बदला, आणि ते बोटीच्या टॉवरवरचे स्पीकर, तुम्हाला इंजिनामुळे ऐकू येत नाही म्हणून तुम्ही मोठे करता, काठावर शब्द न् शब्द ऐकू जातो.

याच पत्रात खाली एक ओळ होती, "दोन वेगवेगळ्या तलावांवर जातो, बॅगा तिकडे जाऊनच रिकाम्या करतो". असं करू नका हो! एका तलावाचं पाणी दुसऱ्यात ओतायचं नाही. झेब्रा शिंपल्यांसारख्या घुसखोरांची पिल्लं डोळ्यांना न दिसण्याइतकी बारीक असतात आणि पाण्याबरोबर आरामात प्रवास करतात, पंपाने "रिकामी" केलेल्या टाकीतही तळाला थोडं पाणी उरतंच. ज्या पाण्यात भरलंत तिथेच काढा, बॅगा बाहेर काढून शेवटचं पाणी निथळू द्या, तोंडं उघडी ठेवून पूर्ण वाळवा, बिल्जचा बूच काढा. ओली बॅग गुंडाळून ठेवली की पुढच्या वेळी उघडताना जो वास येतो तो ज्याने घेतलाय त्याला वाळवायला वेगळं सांगावं लागत नाही.

पुढच्या वेळी लाटेवर बोर्ड पंप कसा करायचा त्यावरची पत्रं घेते. लिहिताना वेग, वजन आणि पुढचा पाय कोणता, एवढं तरी लिहा.